वायरीवर नाव कुठं घालणार?

श्रोतेहो, नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको. निफाडचा पारा किती उतरला ते सकाळी पेपरात बघायचं आणि मगच रजईतून पाय बाहेर काढायचा. 2018 च्या अशाच एका डिसेंबरात माझ्या मुलीला आठव्या महिन्यातच मुलगा झाला. वजन 1,400 ग्रॅम. आमच्या चौक मंडईत दीड किलोचा फ्लॉवरचा गड्डा सहज मिळतो. हे बाळ त्याहून हलकं. लोक मला कवी म्हणतात, पण त्या दिवशी सुचलेली उपमा एवढीच.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, त्यामुळं ऊब टिकत नाही. अंग थंड पडलं की रक्तातली साखर उतरते, श्वास अडखळतो. म्हणून त्याला वॉर्मरवर ठेवतात. वॉर्मर म्हणजे उघडा पाळणा, वर हीटर आणि बाळाच्या पोटावर चिकटवलेली एक बारीक वायर. बाळाचं अंग किती गरम आहे हे ती वायर यंत्राला सांगते आणि त्याप्रमाणे यंत्र ऊब कमी-जास्त करतं. वायर बिघडली की यंत्राला बाळाचं काही कळेनासं होतं.

आम्ही ज्या रुग्णालयात होतो त्याचं नाव घेत नाही. तिथल्याच माणसांनी माझा नातू वाचवला. पण तिथं एका वॉर्मरवर दोन बाळं होती. आमच्या नातवाशेजारी पेठ तालुक्यातल्या एका बाईचं बाळ, दोघांच्या पायाला चिठ्ठ्या बांधलेल्या. आणि कोपऱ्यात दोन वॉर्मर चादरीखाली झाकून ठेवलेले. एकावर पितळी पाटी, 'अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'. पाटी मात्र लख्ख होती.

"बंद आहेत का?" मी सिस्टरांना विचारलं.

"यंत्रं चांगली आहेत हो काका. वायरी गेल्यात."

मी आवेशात म्हटलं, "आम्ही मोहल्ल्यातून पैसे जमवतो, नवं मशीन देतो." त्या म्हणाल्या, "नवं नको. त्याचीही वायर कधीतरी जाणारच. याच दोघांच्या वायरी आणून देता का?"

दोन वायरी मिळून पाच हजारांच्या आत येणार होत्या.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. 2017 च्या सप्टेंबरात बातमी आली होती, की नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात एकट्या ऑगस्ट महिन्यात 55 अर्भकं दगावली. इनक्युबेटर 18 आणि एकेकात दोन-दोन, तीन-तीन बाळं. बरीच बाळं कमी वजनाची होती, खासगी दवाखान्यांतून अखेरच्या घटकेला पाठवलेली होती, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्या बातमीवर मी कविता लिहिली. छापून आली, दोन संमेलनांत वाचली, टाळ्याही पडल्या. त्या वेळी एखाद्या कक्षात जाऊन 'तुम्हाला काय लागतं?' एवढं विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

असो. वायरींसाठी पैसे मागायला निघालो. मौलानासाहेबांनी पहिल्यांदाच सांगितलं, जकातीचा पैसा गरिबाच्या मालकीचा व्हावा लागतो, रुग्णालयाच्या यंत्राला तो चालणार नाही. लिल्लाह रकमेतून घ्या. शुक्रवारच्या नमाजनंतर रुमाल पसरला. भद्रकालीतल्या आमच्या एका मित्राच्या गणेश मंडळाकडे उरलेली वर्गणी होती, तीही आली. एका शेठजींकडे गेलो. ते अख्खं मशीन द्यायला तयार होते, तेही आईच्या नावानं. मी म्हटलं, "शेठजी, वायर पाहिजे." ते बराच वेळ विचारात पडले आणि अगदी मनापासून म्हणाले, "पण कविराज, वायरीवर नाव कुठं घालणार?"

त्यांना हसू नका. आईचं नाव चार माणसांनी वाचावं असं कुणाला वाटत नाही? पण त्यांच्या प्रश्नात आपल्या दानाची सगळी अडचण आहे. यंत्राला पाटी लावता येते. वायरीला, दुरुस्तीला, रात्रपाळीच्या सिस्टरला लावता येत नाही.

हा प्रश्न जुना आहे. पॅरिसच्या तार्निए नावाच्या डॉक्टरांनी कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहून 1880 च्या सुमारास बाळांसाठी तशी पेटी करून घेतली. पुढं अमेरिकेत ती पेटी लोकांपुढं आणली मार्टिन काउनी यांनी. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत, पाळणे आणि तमाशांच्या गर्दीत, त्यांनी 1903 पासून पेट्यांतली जिवंत बाळं तिकीट लावून दाखवली. तिकीट 25 सेंट. ऐकून अंगावर काटा येतो. पण आईबापांकडून ते पैसा घेत नसत, आणि तिकिटाच्या पैशातून नुसत्या पेट्या चालत नव्हत्या, तर परिचारिकांचे आणि दूध पाजणाऱ्या दायांचे पगार निघत होते. 1943 पर्यंत हा खेळ चालला आणि हजारो बाळं जगली. जत्रेतल्या माणसाला जे उमगलं ते आपल्या दात्यांना उमगू नये?

आपल्याकडं नवजात कक्षात तीन-चार बाळांमागं एक परिचारिका असावी, असं सरकारी नियमच सांगतात. ऊब लागते, तसं बाळाच्या हृदयाकडं, श्वासाकडं बघणारं माणूस लागतं. प्राणवायू जादा झाला तर डोळ्यांचा पडदा बिघडतो, म्हणून महिन्याच्या आत डोळे तपासणारा डॉक्टर लागतो. आणि वायरी-प्लगची देखभाल करणाराही लागतो. 9 जानेवारी 2021 च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. चौकशीत आगीची सुरुवात एका वॉर्मरच्या कंट्रोल पॅनलपाशी सापडली. ज्याच्या उबेला ठेवलं, त्यानंच... हे वाक्य मला अजून पुरं करता येत नाही.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावरचं 16 कोटींचं इंजेक्शन आपल्या नाशिकच्या एका बाळाला कंपनीच्या सोडतीत मोफत लागलं. मुंबईच्या एका मुलीसाठी तर देशभरातून लोकांनी पैसे पाठवले आणि सरकारनं सहा कोटींच्या आसपासचा कर माफ केला. मीही कुणा बाळासाठी मोबाइलवरून पाचशे रुपये पाठवले होते. त्याचा पश्चात्ताप नाही. बाळ समोर दिसत होतं, हात आपोआप गेला. पण सोडतीत नाव न निघालेल्या बाळांचं काय, हे कुणाला विचारायचं ते कळलं नाही. आणि पेठच्या त्या बाळाचा फोटो तर कुणी काढलाच नव्हता.

वायरी आल्या. चादरी निघाल्या. आमचा नातू एका वॉर्मरवर, पेठचं बाळ दुसऱ्यावर. पुढं वजन धरू लागल्यावर सिस्टरांनी मुलीला खुर्चीत बसवून बाळ तिच्या छातीशी उघड्या अंगानं बांधलं. ती थकली की नानी बसायची. ही रीत कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970 च्या दशकाच्या अखेरीस इनक्युबेटर पुरेनात म्हणून डॉक्टरांनी काढली, आणि आज जगभर मानली जाते. त्यालाही पैसे लागतात, बरं का: खुर्ची लागते, आईच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय लागते. पेठची ती बाई जिन्याखाली झोपत होती. नानीनं तिचा डबा सुरू केला तो ती घरी जाईपर्यंत.

शेठजींनी अखेर पैसे दिले. पाटीचं नाव काढलं नाही. मात्र नातवाला बघायला आले, आणि वायरीकडं बोट दाखवून सिस्टरांना हळूच म्हणाले, "ही आमच्या आईची."

नातू आता शाळेत जातो, शेवटच्या बाकावर बसतो आणि मराठीच्या शुद्धलेखनात माझ्या चुका काढतो. दूध बाजारातल्या एका चहाच्या दुकानात आमचा डबा अजून आहे. त्या सिस्टरांची बदली झाली, पण नव्या आलेल्यांकडं माझा नंबर आहे. परवाच फोन आला, "काका, श्वासाच्या मशीनला नाकात घालायच्या नळ्यांची सगळ्यात लहान साइज संपलीय." कितीला येतात ते विचारून ठेवलंय. येत्या शुक्रवारी रुमाल पसरायचा आहे.