हुकूम देणारी मुलगी

आज आपण कॉम्प्युटरविषयी बोलू. आपल्याला काय त्याचं, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. विषय आपल्या लेकींचा आहे.

कॉम्प्युटरला स्वतःची अक्कल नसते. नेमका हुकूम द्यावा लागतो. मुलांना हे कसं शिकवावं? 1967 मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन या बाई आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची कॉम्प्युटरची भाषा बनवली. पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर चालणारं एक यांत्रिक कासव आलं. त्याला पेन लावलेलं. शंभर पावलं पुढे जा, काटकोनात उजवीकडे वळ, असं चार वेळा सांगितलं की कागदावर चौकोन तयार! मग तसंच कासव पडद्यावरही आलं. हुकूम चुकला तर कासव भलतीकडे जातं. कुणी रागावत नाही. मूल स्वतः कासवासारखं चालून बघतं आणि चूक शोधतं.

हा खेळ अंगणातही होतो. ठिपके काढा. एकीनं फक्त तोंडानं सांगायचं, दुसरीनं ऐकेल तेवढंच करायचं. “जरा तिकडे ने” चालणार नाही. दोन ठिपके वर, एक उजवीकडे, हेच चार वेळा. जमलं की तुमच्या मुलीनं प्रोग्राम लिहिला समजा. 2007 मध्ये आलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून मुलं असेच हुकूम देतात. ते मोफत मिळतं.

आता मुद्द्याचं. एका कॉम्प्युटरभोवती पाच मुलं बसली की माऊस बहुतेक मुलग्याच्या हाती जातो आणि मुलगी वहीत उतरवून घेते. नुसतं बघून भाकरी थापता येते का? तसंच हे.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेव्हा पुढच्या सभेला आपण जाऊ आणि विचारू: कॉम्प्युटरची खोली आठवड्यातून किती वेळा उघडते? मुलींचा नंबर लागतो का? माऊस त्यांच्या हातात किती वेळ असतो?

उत्तर मिळालं की बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांना सांगा. तोवर अंगणात ठिपके काढाच.