सालवृक्षाचा जुना सोबती

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत सालवृक्षाची ओळख होते ती पंगतीतल्या पत्रावळीवरून. छत्तीसगडी बोलीत या वृक्षाला ‘सरई’ म्हणतात. त्याच्याच खोडात एक भुंगेरा वाढतो. वनखात्यात तो ‘साल बोरर’ या नावाने कुप्रसिद्ध आहे. १९९७-९८ च्या सुमारास मंडला-दिंडोरीच्या अरण्यांत त्याने लक्षावधी झाडे पोखरली. हा शत्रू आला तरी कोठून?

खरे पाहता तो येथलाच. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचे एक विशाल कुळ आहे. त्यात ३५,००० हून अधिक जाती मोडतात. आंब्याचे खोड पोखरणारा भिरूड हा त्याच कुळातला. पाने कुरतडणारे भुंगेरे हे या कुळाचे निकटचे आप्त, तर धान्यातला सोंडकिडा जरा दूरचा. हा सारा गोतावळा वनस्पतींवर पोसला गेला आणि सपुष्प वनस्पतींच्या विस्ताराबरोबर पसरला.

म्हणूनच भुंगेऱ्याचा प्रदेश शोधावयाचा तर आधी झाडाचा प्रदेश पाहावा. सालाचा हा भुंगेरा भारत, नेपाळ, म्यानमारपासून थेट फिलिपिन्सपर्यंत आढळतो. आणि साल व त्याचे सगोत्र वृक्षही याच पट्ट्यात नांदतात. त्या वृक्षकुळाचा सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा राळ गुजरातेत वस्तान येथील खाणीत सापडला असून त्यात तत्कालीन कीटक जसेच्या तसे अडकलेले आहेत. हे वृक्षकुळ आफ्रिकेतून भारतभूमीवर आले व भारत आशियाला भिडल्यावर पूर्वेकडे पसरले, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले परागकणांचे संशोधन सांगते. ज्या प्राचीन महाखंडातून भारत सुटला, त्याला गोंडवन हे नाव मिळाले तेही याच गोंडांच्या भूमीवरून!

मग सोबत्याचा शत्रू कसा होतो? सुदृढ साल आपल्या चिकट रसात अळ्यांना बुडवून मारतो. दुबळ्या किंवा पडलेल्या झाडांत मात्र त्या निर्वेध वाढतात, आणि पहिल्या पावसाबरोबर भुंगेरे बाहेर पडतात. तेव्हा सालाचे ताजे ओंडके ठेचून ठेवतात; रसाच्या वासाने जमलेले भुंगेरे वेचून नष्ट करतात. हा उपाय चांगला. पण पडलेले लाकूड वेळीच उचलणे आणि अरण्य निरोगी राखणे हा त्याहून श्रेष्ठ. भुंगेरा अरण्यात राहणारच. त्याने किती माजावे, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे.