लंगरच्या पंगतींत



सुशिक्षित गृहस्थाला अन्नछत्रास देणगी देतांना संकोच वाटत नाहीं. परंतु त्याच अन्नछत्रांत बसून जेवण्याचा प्रसंग आला कीं त्याचें पाऊल अडखळतें. हें अन्न गरजूंसाठीं आहे, आपण कां खावें, असें तो म्हणतो. या प्रश्नांत गरिबांची काळजी किती आणि स्वतःच्या प्रतिष्ठेची किती, हें पारखावयाचें असेल तर नांदेडच्या गुरुद्वारांत एकदां लंगरला बसावें.

गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं गोदाकाठीं नांदेड येथें देह ठेवला. तेथील सचखंड हुजूर साहिब हें शिखांच्या पांच तख्तांपैकीं एक होय. लंगरची प्रथा त्याहून जुनी. ती गुरु नानकांपासून चालत आली. दुसरे गुरु अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी यांनीं ती सांभाळली. आणि तिसरे गुरु अमरदास यांनीं असा दंडक घातला कीं, भेटीस येणारानें आधीं पंगतींत जेवावें, मग भेटावें.

नव्यानें जाणारास फार कांहीं शिकावें लागत नाहीं. पादत्राणें बाहेर ठेवावींत, हातपाय धुवावेत, डोकें रुमालानें झांकावें आणि ओळींत जेथें जागा येईल तेथें जमिनीवर बसावें. अन्न शाकाहारी असतें, तें कोणत्याही धर्माच्या माणसास चालावें म्हणून. लागेल तितकें मागावें. पानांत टाकूं नये. नांव, गांव, जात कोणी विचारीत नाहीं. मात्र पोळी, जिला तेथें प्रसादा म्हणतात, ती दोन्ही हात पसरून घ्यावयाची असते. पहिल्या वेळीं जड जातें तें हेंच. हात पसरणें म्हणजे याचना, असें आपली भाषाच आपल्याला शिकविते. येथें शेजारचा व्यापारी आणि पलीकडचा हमाल दोघेही तसेच हात पसरतात.

पंगत हा शब्द आपलाच. पण आपल्या पंगतीला पंक्तिप्रपंचाचा डाग आहे. १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें घेतलेल्या चहावरून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य उठलें. दुसरीकडे, आपल्या नामदेवांचीं ६१ पदें गुरु ग्रंथ साहिबांत आदरानें घेतलेलीं आहेत. तेव्हां या पंगतींत मराठी माणूस अगदींच परका नव्हे.

जेवण झाल्यावर भांडीं घासणारांत किंवा भाजी चिरणारांत जाऊन बसावें. कोणी अडवीत नाहीं. तेथें देणारा आणि घेणारा अशा दोन जाती नाहींत. आतां जेवलेला माणूस घटकेनें वाढावयास उभा राहतो.

आतां त्या पहिल्या प्रश्नाकडे वळूं. पोटभर मिळणारानें तेथें कां जेवावें? केवळ भुकेलेच जेवावयास बसले, तर ती ओळ भिकाऱ्यांची ठरेल आणि मानी माणूस उपाशी परतेल. सारेच बसतात, म्हणून गरजू कोण हें ओळखूं येत नाहीं. आपण मांडी घालून तेथें बसतों, तेव्हां शेजारच्या अनोळखी माणसाची अब्रू राखतों. एवढें दान पैशानें करतां येत नाहीं.