बालकांचे हक्क व आपलें कर्तव्य



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं गतवर्षांचा हिशेब पाहण्याची वहिवाट आहे. आज आम्ही आपणांपुढें एक निराळा हिशेब मांडूं इच्छितों. तो आपल्या लेंकरांच्या हक्कांचा आहे.

दिवाळीच्या सुमारास घाटंजीच्या शिवारांत कापूस फुटला, म्हणजे वेचणीची एकच घाई उडते. वेचणीची मजुरी वजनावर मिळते. कापूस मोठ्या हातांनीं वेचला कीं चिमुकल्या, हें कांट्याला कळत नाहीं. म्हणून कर्जानें गांजलेली माउली पोरीच्याही कमरेला ओटी बांधते, आणि शाळेच्या हजेरीपटावर पोरीची गैरहजेरी लागते. त्या माउलीस दोष देणें सोपें आहे. परंतु तेवढ्यानें पोर शाळेंत जात नाहीं.

या पोरीचा विचार जगानें केलाच नाहीं, असें मात्र नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर भुकेनें व्याकुळ झालेल्या मुलांचें दुःख पाहून एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनीं पांच कलमांचा जाहीरनामा लिहिला. १९२४ सालीं राष्ट्रसंघानें तो जिनीव्हा येथें स्वीकारला. पुढें २० नोव्हेंबर १९८९ रोजीं संयुक्त राष्ट्रसंघानें बालहक्कांचा करार संमत केला. रोमच्या धर्मपीठानें १९९० सालीं व भारतानें ११ डिसेंबर १९९२ रोजीं तो पत्करला. जाहीरनामा ही सदिच्छा असते. करार हें राष्ट्राचें वचन असतें. २००२ सालीं काठमांडू येथें सार्कच्या राष्ट्रांनींही दक्षिण आशियांतील बालकल्याणासाठीं आपसांत करार केला.

१३ जून २०१७ रोजीं बालमजुरीविरुद्धचे दोन आंतरराष्ट्रीय करार भारतानें मान्य केले. त्याच वर्षीं आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कापसावरील फवारणीनें विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. ज्या विषानें धडधाकट माणसें गेलीं, त्याच्या शेजारीं लेंकरूं उभें करणें किती घातक, हें निराळें सांगावयास नको.

देशाचे कायदेही झाले आहेत. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा हक्क आहे; शाळा सुटलेल्या मुलासही वयाप्रमाणें वर्गांत बसवावें लागतें. २०१६ च्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलास मजुरीस लावणें सर्वत्र मना झालें. घरच्या कामांत त्यानें हातभार लावावा, तो शाळेच्या वेळेनंतर वा सुटींत, आणि काम धोक्याचें नसावें. ही सवलत आम्हांस चिंतेची वाटते. घरच्या व परक्या शेतामध्यें एक बांध असतो, आणि त्या बांधावर कोणी सरकारी अधिकारी उभा नसतो. तेथें राखण गांवानेंच केली पाहिजे.

ती कशी करावी? बालकाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आंत करावी. त्यास शुल्क पडत नाहीं. वयाचा दाखला नसेल, तर मजुरीपासून वा बालविवाहापासून मुलीस वांचविणें कठीण जातें. अठरा वर्षांच्या आंत मुलीचें लग्न ठरत असेल, तर ग्रामसेवकास कळवावें. बालविवाह रोखण्याचा अधिकार कायद्यानें त्याला दिला आहे. संकटांतील मुलासाठीं १०९८ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. हजेरीपटावर चार दिवस नांव रिकामें दिसलें, तर शिक्षकानें व शेजाऱ्यानें त्या घरीं जाऊन विचारपूस करावी.

आणि ज्यांचीं स्वतःचीं शेतें आहेत, त्यांस आमची विशेष विनंती आहे. लेंकरांनीं वेचलेला कापूस कांट्यावर घेऊं नये, व थोरांस अशी मजुरी द्यावी कीं लेंकरांच्या हातांची गरजच पडूं नये. मजुरी पुरेशी नसेल, तर आम्ही केलेला उपदेश त्या माउलीस कोरडाच वाटेल, आणि तें योग्यच होईल.

येत्या वेचणीच्या हंगामांत आपल्या आळींतील एकही नांव हजेरीपटावरून गळूं नये, एवढी काळजी आपण सर्वांनीं वाहावी, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.