सही न करता मिळालेलं नागरिकत्व



परवा आईचा जन्मदाखला पुन्हा हातात घेतला. तिचा जन्म १९३४चा, फोंड्याजवळचा. तिरप्या, लपेटदार अक्षरात सगळा मजकूर पोर्तुगीजमध्ये, आणि माहेरच्या ‘कामत’ आडनावाचं ‘कामोतीं’ झालेलं. आई शिकली मराठी शाळेत, चौथीपर्यंत. स्वतःच्या जन्माची नोंद तिला कधी वाचता आली नाही.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. मुलूख भारतात आला. माणसं कुठली, हे ठरलं २८ मार्च १९६२च्या नागरिकत्व आदेशाने. जो स्वतः, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी, आजी-आजोबांपैकी कुणीही २० डिसेंबर १९६१पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलं, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक. अर्ज नाही, धर्माची विचारपूस नाही. सत्ता बदलताना जगात कितीतरी माणसं कुठल्याच देशाची उरली नाहीत. आमच्यावर ती पाळी आली नाही, याचा मला अभिमान आहे.

मात्र ज्यांना आधीचं नागरिकत्व ठेवायचं होतं त्यांनी तसं लेखी कळवायचं होतं, आणि त्याला मुदत होती एक महिना. जन्माचा प्रश्न, आणि एक महिना! हे मला तेव्हाही कमी वाटलं असतं, आजही वाटतं.

मोंतेरो नावाच्या पाद्रींनी तसं कळवलं आणि ते गोव्यातच राहिले. राहण्याचा परवाना १३ नोव्हेंबर १९६४ला संपला. ते गेले नाहीत. खटला झाला, तीस दिवसांची साधी कैद झाली. व्यापलेल्या प्रदेशातल्या लोकांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा कराराचा आधार घेऊन ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९मध्ये न्यायालयाने सांगितलं, गोवा हा आता व्यापलेला प्रदेश नाही, भारताचा भाग आहे. निकाल बरोबरच होता. तरी राहत्या जागी परका ठरलेल्या त्या माणसाची आठवण मला सोडत नाही.

गोवा भारताचा आहे हे वास्तव पोर्तुगालने मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ला. दिल्लीतल्या त्या करारावर आपल्या यशवंतराव चव्हाणांची आणि पोर्तुगालच्या मारिओ सोआरिश यांची सही आहे. पण मुक्तीआधी इथे जन्मलेल्यांना लिस्बन आजही आपलं मानतं, आणि त्यांच्या मुला-नातवंडांनाही वाट मोकळी ठेवतं. म्हणजे एकदाही सही न करता आईला दोन देशांनी आपल्या खात्यात धरलं.

सही करायची वेळ आली ती माझ्या पुतण्यावर. त्याला पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात जायचंय; २०२०पर्यंत याच वाटेने गोव्याची खूप माणसं इंग्लंडमध्ये स्विंडनला गेली. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडचं घेतलं की इकडचं मत गेलं, शेतजमीन विकत घेणं गेलं. गावात लोक अशा मुलांना ‘पोर्तुगीज झाला’ म्हणून हिणवतात. पोटासाठी आमचे आजोबा बोटीने मुंबईला गेले, त्यांना कुणी हिणवलं नव्हतं.

लिस्बनला नोंद करायची तर आधी आईची, मग माझ्या भावाची, मग त्याची. म्हणून गेल्या रविवारी त्याने आईपुढे कागद ठेवला. तिने चष्मा लावला, ‘कामोतीं’वर बोट ठेवून बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, “बाबू, मराठीत सही केली तर चालेल ना रे?”