पेटी नवी घ्यावी की जुनी?

मागच्या खेपेला शेळीच्या विम्यावर बोलले होते. आज पेटीवर बोलणार आहे. कपड्याची पेटी नव्हे, बाजाची पेटी, हार्मोनियम. उमरगा तालुक्यात बायकांची भजनी मंडळं आता बरीच झाली आहेत, आणि दोन-तीन गटांतल्या बायांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही पेटी घेतली म्हणे, नवी घेतली का जुनी? कितीला पडली?" प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा म्हटलं सगळ्यांना एकदमच सांगावं. आमचं काय चुकलं तेही सांगते.

आधी पेटी कशाला लागली ते. आमचं मंडळ बारा जणींचं. एकादशीला आणि गुरुवारी मारुतीच्या देवळात बसतो. पेटी पुरुषांच्या मंडळाची आणि वाजवणारे बुवाही त्यांचेच. माणूस चांगला, कधी नाही म्हणाले नाहीत. पण त्यांचा गळा काळी एकचा. पेटीवरची पहिली काळी पट्टी धरून ते सा लावतात. आम्ही त्यांच्यामागे त्याच पट्टीत गायचो. खाली गायलं तर आवाज पोटातच राहतो, वर गायलं तर तार सप्तकात नुसती किंकाळी. अभंग संपेपर्यंत घसा बसायचा. आम्हाला वाटायचं आपल्याला गाताच येत नाही. आमच्या आक्का तर म्हणायच्या, "बाईच्या जातीला भजन जमत नाही बघ." गटातल्या एकीची मुलगी नववीत आहे, ती शाळेत पेटी शिकते. तिने एक दिवस बुवा नसताना काळी चारवर सा धरला आणि म्हणाली, "मावशी, आता म्हणा." आणि आम्ही म्हटलं. सहज म्हटलं. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांचा गळा बहुतेक काळी चार, काळी पाचच्या आसपास बसतो, ही एवढीशी गोष्ट वीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

तेव्हा ठरलं, पेटी आपली पाहिजे.

पैशाचं आधी स्पष्ट करते, कारण इथेच भांडणं होतात. गटाचा फिरता निधी याला लावायचा नाही. तो आपापसात कर्ज द्यायला असतो, त्याचा हिशेब वर द्यावा लागतो. आम्ही वेगळी वर्गणी केली, दर महिन्याला शंभर रुपये, बारा जणी, एक वर्ष. म्हणजे चौदा हजार चारशे. वेगळी वही, वेगळा ठराव, सगळ्यांच्या सह्या. दोघींना शंभर झेपत नव्हते. त्यांनी पन्नास दिले आणि उरलेले पापड लाटून भागवले.

मग प्रश्न आला, नवी की जुनी. सात जणी नवीच्या बाजूला, पाच जुनीच्या. मी नवीच्या बाजूला होते, हेही सांगून ठेवते. जुनी शिलाई मशीन घेऊन मी एकदा पुरती फसले होते.

मोबाईलवर स्वस्तात पेट्या दिसतात. चित्र फार सुंदर असतं, पॉलिश असं की तोंड दिसावं. पण पेटी डोळ्यांनी घ्यायची वस्तू नाही. ओळखीच्या एका गटाने तशी मागवली, तर दोन पट्ट्या दाबलेल्या वर येईनात आणि परत पाठवायचा खर्च यांच्याच माथी. म्हणून आम्ही चौघी एसटीने सोलापूरला गेलो. तिथे आम्हाला सांगितलेले भाव असे : एका सुराची साधी पेटी साडेआठ हजार, दोन सुरांची कपलरवाली साडेचौदा हजार, स्केल चेंजर तीस हजारांच्या पुढे.

हे काय असतं ते सांगते, नाहीतर दुकानदार शब्द फेकतो आणि आपण मान हलवतो. पेटीच्या आत पितळेच्या छोट्या जिभा असतात, त्यांना सूर किंवा रीड म्हणतात. भात्याने हवा भरायची, पट्टी दाबली की झडप उघडते, हवा त्या जिभेवरून जाते, ती थरथरते आणि आवाज होतो. एका पट्टीमागे एकच जीभ असेल तर आवाज बारीक. दोन असतील, एक खर्जाची आणि एक नराची, तर आवाज भरतो. टाळ-मृदंगात एका सुराची पेटी ऐकूच येत नाही. कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की त्याच सुराची दुसऱ्या सप्तकातली पट्टी आपोआप दाबली जाते. स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची सगळी फळी सरकते, म्हणजे बोटं एकाच जागी वाजवतात आणि पट्टी बदलते. आमच्या पोरीला ते फार आवडलं. पण त्याचं वजन जास्त, आतली कारागिरी नाजूक आणि बिघडलं तर दुरुस्ती महाग. आम्हाला एकाच पट्टीत गायचंय, मग सरकवायचं कशाला? पोर रुसली, पण हे बरोबर ठरलं.

जाता जाता एक गंमत. ही पेटी मूळची आपली नव्हे. फ्रान्समध्ये १८४२ साली अलेक्झांडर देबेन नावाच्या माणसाने तिचा हक्क नोंदवला. ती पायाने हवा भरायची होती. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची केली. आणि ऑल इंडिया रेडिओने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती! तिच्यावर मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, ही मुख्य तक्रार. आपल्या मराठवाड्यातले, जालन्याकडचे आप्पा जळगावकर याच पेटीवर मोठमोठ्या गवयांची साथ करून देशभर नावाजले. आज मी रेडिओवरच बसून तिचं कौतुक करते आहे.

असो. साडेचौदा हजारांत आमचे शंभर रुपये कमी पडत होते, ते दुकानदाराने सोडलेही असते. पण तेवढ्यात जुनी पेटी चालून आली. लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या बाजूला एका पुनर्वसित गावात एक आजी आहेत. त्यांचे यजमान भजनाचे पेटीवाले. ते तीन वर्षांपूर्वी गेले. पेटी पडून होती. आजी म्हणाल्या, पाच हजार द्या.

माझ्या त्या शिलाई मशीनमुळे मी अडून बसले, कारागीर सोबत घेतल्याशिवाय जायचं नाही. पाचशे रुपये आणि जाण्यायेण्याचं भाडं देऊन पेट्या दुरुस्त करणारे एक काका नेले. काहीजणी कुरकुरल्या, बघायलाच एवढे पैसे? पण ते पाचशे सगळ्यात कामी आले.

काकांनी आधी पेटी वाजवलीच नाही. सगळे स्टॉप बंद करून भाता भरला आणि हात सोडून बघत बसले. भाता लगेच खाली बसला. म्हणजे आत कुठेतरी हवा गळते. मग स्टॉप उघडले आणि कुठलीही पट्टी न दाबता भाता मारला. एक सूर आपला आपणच वाजत राहिला, म्हणजे झडप नीट बसत नाही. मग डावीकडून एकेक पट्टी. काळ्या-पांढऱ्या मिळून बेचाळीस, साडेतीन सप्तकं. प्रत्येक पट्टी हळू दाबून एकदा, जोरात दाबून एकदा. तीन सूर घोगरे निघाले. मोबाईलवर तानपुरा लावून मिळवून पाहिलं, कारण जुनी पेटी कधीकधी सगळीच्या सगळी थोडी चढी किंवा उतरी असते. तशी असेल तर नुसत्या टाळ-मृदंगासोबत चालते, कॅसिओसोबत मात्र वाजणार नाही. ही ठीक होती.

मग त्यांनी वरची फळी उघडली. उंदराने आतल्या भात्याचं कातडं कुरतडलं होतं. लाकडाला वाळवी नव्हती. सूर मात्र त्यांनी भिंगाने पाहिले. सूर चढवायचा तर जिभेचं टोक घासतात, उतरवायचा तर बुडाशी घासतात. दर वेळी पितळ थोडं जातं. फार वेळा घासलेली जीभ पातळ होते, ती पुन्हा सुरात राहत नाही. हीच जुन्या पेटीची खरी मेख आहे बायांनो. भाता बदलता येतो, पट्ट्या बदलता येतात, पॉलिश तर कुणीही करतं, पण सूर मेले असतील तर पेटी फुकटातही घेऊ नका. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली, तोही हेच सांगत होता. तारा बदलता येतात, वायरची खरखर झाळून जाते, पण दांडा पिळवटलेला असेल तर स्वस्तातली गिटार महागात पडते.

काका उठले आणि आजींच्या समोरच मोठ्याने म्हणाले, "सूर जुने जर्मन आहेत. नुसत्या सुरांसाठी दुकानदार ही पेटी फोडून नेईल." झालं! आमच्या खजिनदार वहिनींनी कपाळाला हात लावला. आजी थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग आठ हजार."

परतताना गाडीत नुसती भांडणं. एकजण म्हणाली, काकांना बाहेर बोलवून विचारायला हवं होतं. दुसरी म्हणाली, तीन हजारांतही दिली असती म्हातारीने, तिला काय कळतंय. हे ऐकून आक्का चिडल्या. "उद्या आपली वस्तू कुणी अशी घेतली तर?" दुरुस्तीचा खर्च काकांनी चार हजार तीनशे सांगितला होता, भाता, झडप, तीन सूर, सगळी पेटी मिळवून देणं धरून. आठ आणि चार-तीनशे मिळून बारा हजार तीनशे, वर काकांचे पाचशे आणि भाडं. नव्या पेटीत आणि हिच्यात दीड हजाराचाही फरक उरला नाही. नवीला वर्षाची हमी, हिला काही नाही.

सरळ हिशेबाने पाहिलं तर नवी घ्यायला हवी होती. मी तसं बोललेही. पण साडेचौदा हजारांच्या नव्या पेटीत असे सूर येत नाहीत, असं काकांचं म्हणणं, आणि दोन्हींचा आवाज आम्ही कानांनी ऐकला होता. शिवाय आजींनी एक गोष्ट सांगितली होती. १९९३ चा भूकंप झाला त्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाचं भजन करून यजमान रात्री उशिरा आले आणि पेटी बाहेर बैलगाडीतच राहिली. पहाटे दगडमातीचं घर बसलं. पेटी वाचली. वस्तूमागची गोष्ट ऐकून भाव ठरवू नये, हे मला कळतं. पण पुन्हा मत घेतलं तेव्हा नऊ जणी जुनीच्या बाजूने निघाल्या, आणि त्यातली एक मीच.

चूक कुठे झाली तेही ऐका. काका म्हणाले पंधरा दिवस, लागले अडीच महिने. आषाढी एकादशी हातची गेली. दुरुस्तीचे सगळे पैसे आम्ही आधीच देऊन बसलो होतो, म्हणून घाई करायला तोंड नव्हतं. तुम्ही अर्धे द्या, अर्धे वाजवून पाहिल्यावर. आणि काय काय करणार ते कागदावर लिहून घ्या. ज्या गटाला जवळपास दुरुस्तीवाला नाही, किंवा ज्यांचा सप्ताह महिन्यावर आलाय, त्यांनी सरळ दुकानात जाऊन, कानांनी ऐकून, पक्की पावती घेऊन नवी दोन सुरांची घ्यावी. दुकानातही भाता भरून पाहायची आणि बेचाळीसच्या बेचाळीस पट्ट्या वाजवायच्या. लाजायचं नाही. दुकानदार घाई करतो, करू द्या.

आता पेटी माझ्याकडेच असते. जमिनीवर ठेवत नाही, फळीवर ठेवते, शेजारी डांबरगोळ्या, उंदराची भीती जन्माची बसली आहे. वाजवून झालं की स्टॉप बंद, भाता बंद, वर कापड. उन्हात ठेवायची नाही, पावसाळ्यात रोज थोडी वाजवायची. पोरं भाता धसाधसा मारतात, त्यांना मी हात लावू देत नाही, त्यावरून घरात बोलणी खाते. बाहेर न्यायची झाली तर वहीत सही करावी लागते, बुवांनाही. त्यांनी हसत केली.

पहिलं भजन आम्ही श्रावणात केलं. आजींना आणायला रिक्षा पाठवली होती. त्या आल्या, खांबाला टेकून बसल्या. आमची नववीतली पोर काळी चारवर सा धरून बसली, तर आजी म्हणाल्या, "आमचे हे काळी एकला धरायचे."

आक्का म्हणाल्या, "ते त्यांचं झालं. आता आमचं ऐका."