अनोळखी पार्सल दारात आलं तर

मैत्रिणींनो, पोस्टमन किंवा कुरिअरवाला आला की बहुतेक वेळा दारात आपणच असतो. म्हणून आजचं बोलणं तुमच्याशी.

फेब्रुवारी २०१८ मधली गोष्ट. ओडिशातल्या पाटणागडमध्ये लग्नाला पाच दिवस झालेल्या घरी पार्सल आलं. आहेर समजून नवरदेवानं ते उघडलं. आत बॉम्ब होता. तो आणि घरातली आजी गेली, नवी नवरी गंभीर जखमी झाली. पाठवणाऱ्याचं नाव खोटं होतं.

असं क्वचितच घडतं. प्रत्येक पार्सलला घाबरायचं कारण नाही. पण उघडण्याआधी घरात विचारा, हे कुणी मागवलंय का? पाठवणारा ओळखीचा असेल तर आपल्याकडच्या नंबरवर त्याला फोन करा. कुणालाच माहीत नसेल तर घ्यायला सरळ नकार द्या. तो आपला हक्क आहे.

पार्सल घरात आलंय आणि त्यातून तार दिसते, तेलकट डाग आहेत, उग्र वास येतो, पूड सांडते? मग ते हलवू नका, हुंगू नका, पाण्यात टाकू नका. जिथं आहे तिथंच राहू द्या. पोरंबाळं, म्हातारी माणसं सगळ्यांना बाहेर काढा आणि लांब जाऊन ११२ ला फोन लावा. पूड हाताला लागली असेल तर पंखा बंद करा, तोंडाला हात लावू नका, साबणानं हात धुवा.

दुसरा धोका जास्त वेळा येतो, तो पाकिटातून. मोठ्या कंपनीच्या नावाचं पत्र, आत स्क्रॅच कार्ड. खरवडलं की लाखोंचं बक्षीस किंवा गाडी! फोन केला की म्हणतात, आधी टॅक्स भरा, फी भरा. एकदा भरले की पुन्हा मागतात. बायांनो, बक्षीस द्यायच्या आधी पैसे मागतो तो चोर. त्याला आधार, बँक पासबुक, ओटीपी काही देऊ नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. पाकीट फाडू नका, पोलिसांना तो पुरावा लागतो.

आज एक काम करा. ११२ आणि १९३० हे दोन नंबर दाराशेजारी भिंतीवर लिहा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा, खासकरून घरी एकटी राहणाऱ्या आजीला.